पराते काकाजी गाडी पाहायला येतात

जुनी गाडी पाहायला गेलेला माणूस सहसा आधी बॉनेट उघडायला लावतो, टायरवर एक लाथ मारतो आणि किलोमीटर किती झाले ते विचारतो. पराते काकाजी यातलं काहीच करत नाहीत. ते दार उघडतात, सीटबेल्टचं टोक धरतात, पट्टा पार शेवटपर्यंत बाहेर ओढतात आणि डोळे मिटून तो बोटांतून हळूहळू सरकवत नेतात. मधेच थांबतात. एखादी जागा अंगठ्यानं चोळतात. मालक चहा घ्या म्हणतो, ते त्यांना ऐकूच येत नाही. एका पट्ट्याला चार-पाच मिनिटं, आणि गाडीत पाच पट्टे. तोवर मालकाच्या कपाळावर घाम आलेला असतो आणि घेणाऱ्याच्या पोटात गोळा.

तो गोळा माझ्या पोटात दोन महिने होता.

काकाजी आमच्या शेजारच्या घरात राहतात. काकू आणि ते, दोघंच. मुलगा नीलेश पुण्याला नोकरीला. काकाजींचे वडील उमरेडचे विणकर. मागावरून लुगडं उतरलं की त्यावरून हात फिरवून तुटलेला धागा शोधायचा, हे काकाजींचं लहानपणचं काम. पुढं शिकले आणि विम्याच्या कामात सर्व्हेअर झाले. अपघात झालेली गाडी जिथं असेल तिथं जायचं, ती तपासायची आणि कुठून कशी धडक बसली, किती नुकसान झालं, ते लिहायचं. तीस वर्षं त्यांनी तेच केलं. त्यामुळं चेपलेली गाडी पाहून ती आधी कशी असेल ते तुम्ही-आम्ही ओळखू; काकाजी धड उभी असलेली गाडी पाहतात आणि ती कशी चेपेल ते त्यांना दिसतं. दिसलं की ते सांगतातही.

कॉलनीत कोणी नवी गाडी आणली, हार घातला, नारळ फोडला, की काकाजींनाही पेढा मिळायचा. पेढा तोंडात टाकून ते गाडीभोवती एक फेरी मारत आणि मालकाच्या जवळ जाऊन हळूच म्हणत, "समोरून आलं त वाचसान. दाराकून आलं त मात्र काही खरं नाही." हळूहळू लोकांनी पेढा काकूंच्या हातात द्यायला सुरुवात केली.

स्वतः काकाजी कारमध्ये बसत नाहीत. एसटीनं जातात, तेही मधल्या सीटवर. ऑटोत बसतात, पण हेल्मेट घालून. आमच्या चौकातल्या ऑटोवाल्यांना सवय झालीय. नवा एखादा असला तर तो पहिल्यांदा मागं वळून हसतो आणि मग सगळा रस्ता गंभीर होऊन चालवतो. रिकाम्या रस्त्यावरही काकाजी हात वर करून रस्ता ओलांडतात. कोणी थट्टा केली, इतक्या वर्षांत काही झालं का म्हणून विचारलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर असतं: "होत नाही, होत नाही, आन मंग होते."

अशा माणसाला आपण होऊन गाडी पाहायला बोलावणं हा वेडेपणा होता, हे मला मान्य आहे. पण मी स्वतःच इतकी घाबरलेली होते की मला माझ्याहून जास्त घाबरणारं कोणीतरी सोबत हवं होतं.

मी काटोलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. अकरा वर्षं बसनं गेले-आले. मग पाठीच्या मणक्यानं दगा दिला, आणि डॉक्टर म्हणाले की बसच्या बाकावरचे हे धक्के बंद करा, नाहीतर नोकरी बंद करावी लागेल. नोकरी मला सोडायची नव्हती. माझे यजमान प्रशांत हिंगण्याच्या कारखान्यात आहेत, त्यांची शिफ्ट, त्यांची कंपनीची बस. ते मला सोडणार कधी आणि आणणार कधी? चालवायचं तर मलाच होतं. लायसन्स माझ्याकडं लग्नाआधीपासून होतं. ते मी ओळखपत्र म्हणून वापरत असे.

प्रशांतचं म्हणणं होतं की रोज सव्वाशे किलोमीटरची ये-जा, तर लहानशी हलकी गाडी नको. रस्त्याला धरून चालणारी, डिकी असलेली, मधल्या आकाराची सेडान बघू. नवी परवडत नाही, तर वापरलेली बघू. मला सेडानचं नाव ऐकूनच धडकी भरली. तिचं नाक आत बसल्यावर कुठं संपतं ते दिसत नाही आणि शेपूट कुठं संपते तेही दिसत नाही. जे दिसत नाही ते घेऊन ट्रकांच्या मधून जायचं, या कल्पनेनं मला रात्रीचं जेवण जाईनासं झालं.

पहिली गाडी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांची होती. मरून रंगाची, आरशासारखी चकाकणारी. प्रशांतला ती बघताक्षणी आवडली. काकाजींनी डाव्या सीटचा पट्टा ओढला, टोकाशी शिवलेली बारकी चिठ्ठी चष्मा वर करून वाचली, मग बाकीच्या चारही पट्ट्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या. डाव्या पट्ट्याचं साल गाडीच्या सालाहून तीन वर्षांनी पुढचं होतं, म्हणजे तो नंतर बदललेला. मग ते डाव्या सीटच्या पाठीमागं गेले आणि तिच्यावर दोन्ही तळवे ठेवून उभे राहिले, ताप बघावा तसे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ घासली होती एकदा.

काकाजी अगदी हळू बोलले. "डाव्या कोपऱ्यातून लागली. समोर बसलं होतं त्यानं पट्टा बांधला होता. मांगं बसलं होतं त्यानं नव्हता बांधला. थे समोरच्या सीटवर येऊन आदळलं."

डॉक्टरांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या. डॉक्टर गाडीच्या छपरावर हात ठेवून खाली पाहत राहिले. आम्ही चहा न घेता निघालो.  मागं कोण बसलं होतं हे मला विचारायचं होतं आणि कळायला नको होतं. त्या दिवसापासून मी मागच्या सीटवर बसले की आधी समोरच्या सीटची पाठ बघते.

दुसरी गाडी वाडीच्या रस्त्यावरच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात होती. राखाडी, आतून मोगऱ्याच्या सुवासाची. दुकानदार मोठ्या उत्साहात होता. एसी असा आहे की मे महिन्यात स्वेटर घालाल, म्हणाला. काकाजींनी पट्टा ओढला. रोज लावताना जेवढा बाहेर येतो तेवढा स्वच्छ होता. ते ओढतच राहिले. अगदी शेवटच्या वीतभर भागात, जो कधी कोणी बाहेर काढत नाही, तिथं एक आडवी मातकट रेघ होती. काकाजींनी ती मला दाखवली आणि माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं. कापड तिथं कडक झालं होतं. ही गाडी सीटच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती, ते म्हणाले. मोगरा त्यासाठीच आहे. आज चालेल, उद्या चालेल, आणि एक दिवस चालत्या रस्त्यात दिवे, इंजिन, सगळं एकदम बंद होईल.

दुकानदारानं हिंदीत आवाज चढवला. काकाजी त्याच्याशी भांडले नाहीत. त्यांनी पट्टा जपून परत आत जाऊ दिला आणि दार लावलं. पण माझ्या डोक्यात ते "एकदम बंद" जाऊन बसलं. त्यानंतर आठवडाभर मी स्वप्नात कुठल्या तरी पुलावर बंद पडत होते.

मग एक निघाली गिअरमध्ये आवाज करणारी, एक निघाली पुढची काच बदललेली. प्रशांत वैतागले. म्हणाले, ह्या माणसाला आणलं तर आपण म्हातारे होऊ पण गाडी होणार नाही.  खरं सांगायचं तर प्रत्येक गाडी नाकारली गेली की मला सुटल्यासारखं वाटायचं. चला, अजून एक आठवडा बस.

पाचवी गाडी प्रतापनगरातल्या एका निवृत्त गृहस्थांची. पांढरी, सात वर्षं वापरलेली, ना चकाकती ना मळकी. ते गृहस्थ एकटेच राहत. आता डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून विकत होते. काकाजींनी पाचही पट्टे तपासले. चालकाचा पट्टा धुऊन धुऊन जुन्या झालेल्या सुती पंच्यासारखा मऊ होता. बाकीचे चार अजून कडक. "हे एकटेच फिरले," काकाजी मला बाजूला घेऊन म्हणाले. बाकी त्यांना काही सापडलं नाही. जमिनीवर जुनी चादर अंथरून ते गाडीखाली गेले. तिथंही काही सापडलं नाही. त्यांचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. गृहस्थांना सोबत मिळाल्याचा आनंदच होत होता. तिसऱ्या दिवशी काकाजींनी प्रशांतला गाडी रस्त्यावर चालवायला लावली. स्वतः बसले नाहीत. विजेच्या खांबाच्या आडोशाला उभे राहून त्यांनी ती चार वेळा समोरून जाऊ दिली: एकदा हळू, एकदा जोरात, एकदा करकचून ब्रेक मारत, एकदा स्टेअरिंगवरचे हात थोडे सैल सोडून. गाडी सरळ गेली, सरळ थांबली.

मग मला चालकाच्या सीटवर बसवलं, इंजिन बंद ठेवून. सीट पुढं-मागं, वर-खाली करत राहिले. ब्रेक तळापर्यंत दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, कमरेखाली पोकळी राहता कामा नये, मनगट स्टेअरिंगच्या वरच्या काठावर टेकलं पाहिजे. मग डोळे मिटायला सांगितले आणि एकेक विचारत गेले: हॉर्न कुठं, वायपर कुठं, पार्किंगचे दिवे कुठं? अर्धा तास. एकदा चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. इतक्या वेळात पाठ दुखली नाही हे माझ्या उतरल्यावर लक्षात आलं.

"मंग घ्यायची का काकाजी?" प्रशांतनं विचारलं.

काकाजींनी गाडीभोवती आणखी एक फेरी मारली. "काहीच सापडून नाही राह्यलं गा," ते म्हणाले. "म्हणूनच मले भेव वाटते. पण घे."

गाडी आमच्या अंगणात आली. रविवारी सकाळी-सकाळी प्रशांत शेजारी बसून मला रिकाम्या रस्त्यांवर फिरवून आणत. मी चालवत होते, चुकत नव्हते. पण काकाजींनी दोन महिन्यांत जे जे सांगितलं होतं ते सगळं माझ्यासोबत गाडीत बसलेलं असे. उजवीकडून स्कूटर आली की दार आत येताना दिसे. समोर ट्रक असला की सीटची वाकलेली पाठ दिसे. मी प्रशांतला हे सांगितलं नाही. त्यांनी सरळ काकाजींनाच दोष दिला असता, आणि ते अर्धं खरंही होतं.

मग तो सोमवार आला. एकटीनं जायचा पहिला दिवस. फेटरी गेलं, कळमेश्वर गेलं. हात घामानं ओले, पण गाडी नीट चालली होती. पुढं संत्र्याच्या क्रेटांनी भरलेला एक ट्रक होता आणि मागं एसटी. एसटीवाला हॉर्न देत होता की ट्रकला ओलांड. मला ओलांडायचं धाडस होत नव्हतं. तेवढ्यात ट्रकपुढं काहीतरी आडवं आलं असावं, त्यानं ब्रेक मारला. मीही मारला. क्लच दाबायचं राहिलं, गाडी एक हिसका देऊन बंद पडली. आरशात एसटीचं तोंड मोठं मोठं होत आलं आणि माझ्या मागच्या काचेशी येऊन थांबलं. इतकं जवळ की मला फक्त तिची जाळी दिसत होती.

काही झालं नाही. कोणाला लागलं नाही. ट्रक निघून गेला, एसटी बाजूनं निघून गेली, ड्रायव्हर जाता जाता काहीतरी बोलला. मी कशीबशी गाडी चालू करून डांबरावरून खाली उतरवली आणि एका बाभळीशेजारी थांबवली. त्यानंतर मला चावीला हात लावता येईना. हात मांडीवर पडले होते, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे. प्रत्येक ट्रक गेला की गाडी हलत होती.  मी चारही दारं आतून बंद केली आणि बसून राहिले.

प्रशांतला फोन लावला. कामावर असताना त्यांचा फोन लॉकरमध्ये असतो, हे मला माहीत होतं, तरी तीनदा लावला. मग काकाजींना लावला. खरं तर रागानं लावला. म्हणायचं होतं की तुमच्यामुळं हे झालं, तुम्ही माझ्या डोक्यात मेलेल्या गाड्या भरून ठेवल्यात. पण त्यांचा आवाज ऐकल्यावर मला रडू फुटलं; कळमेश्वरच्या पुढं एका बाभळीपाशी आहे, एवढंच कसंबसं सांगता आलं. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: लागलं का, गाडी रस्त्याच्या खाली आहे का, पार्किंगचे दिवे लावले का. दिवे लावले नव्हते. लावले. मग ते म्हणाले, "तिथंच राह्य. मी येऊन राह्यलो."

पाऊण-एक तासानं एक एसटी थोडी पुढं जाऊन थांबली आणि काकाजी उतरले. काखेत हेल्मेट, पायांत घरातल्या चपला. म्हणजे जसे होते तसेच निघाले होते. रस्त्याच्या कडेनं चालत आले, तेही हात वर करून. गाडीला फेरी मारली नाही, टायर पाहिले नाहीत. डाव्या दाराशी येऊन उभे राहिले. मी आतून लॉक काढलं. ते तसेच उभे. मला काचेतून त्यांचा हात दिसत होता, दाराच्या मुठीवर ठेवलेला. 

मग ते आत बसले.

दार लावून त्यांनी पट्टा बांधला, आणि हेल्मेट कुठं ठेवावं ते न कळून शेवटी मांडीवर धरलं. चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, काकाजी, तुम्ही राहू द्या, आपण बसनं जाऊ. त्यांनी मान हलवली.

"मले दोन्हीकून भेव वाटते वं वैशाली," ते म्हणाले. "बसलो तरी वाटते, नाही बसलो तरी वाटते. तू चालव. मी डोये मिटून घेतो. तुले काय दिसते थे फक्त सांगत जा."

मी चावी फिरवली. गाडी रस्त्यावर घेतली आणि सांगायला लागले. समोर एक ट्रॅक्टर आहे, लांब आहे. डावीकडं शाळेची भिंत. एक मोटरसायकल गेली, दोघं होते. आता चढ आहे. आता बाग लागली. काकाजी डोळे मिटून हुं, हुं करत होते. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी फक्त समोर जे आहे तेच पाहत होते. वाकलेल्या पाठी, आत आलेली दारं, काही दिसत नव्हतं. ट्रॅक्टर मी ओलांडला. ओलांडला, असंही सांगितलं.

काटोलला पोचलो तेव्हा ग्रंथालय उघडायला दीड तास उशीर झाला होता. काकाजी दिवसभर वाचनकक्षात बसले, सगळी वर्तमानपत्रं वाचली, मुलांना कुजबुजू नका म्हणाले, आणि संध्याकाळी माझ्यासोबत परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात आले तर ते डब्यासह गाडीजवळ उभे. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडे ठेवले. त्या दिवसापासून मी काय दिसतं ते सांगायचं थांबवलं आणि ते बोलायला लागले.

एकदा मेटपांजरा गावाच्या अलीकडं त्यांनी अचानक विचारलं, नीलेश पुण्याहून कशानं येतो ते तुला माहीत आहे का? मी म्हटलं, रेल्वेनं. काकू तसंच सांगतात. काकाजी समोर पाहत होते.

"रेल्वेनं येते म्हणते. पण त्याच्या शर्टाले उजव्या खांद्याकून डावीकडं सुरकुती राह्यते. रुंद, सरळ. चालवणाऱ्याच्याच शर्टाले पट्ट्यानं पडते तशी."

 ते सांगत गेले. नीलेशनं नोकरी लागल्यावर गाडी घ्यायचा विषय काढला होता. त्यावर काकाजींनी त्याला एक-एक करून तीस वर्षांतल्या गाड्या सांगितल्या, जेवता जेवता, तीन दिवस. मुलानं पुन्हा विषय काढला नाही. नंतर कधीतरी गाडी घेतली असावी. येतो तेव्हा बहुतेक मित्राच्या घरी उभी करतो आणि तिथून ऑटोनं घरी येतो. वडिलांना घोर लागू नये म्हणून.

"आन गेल्या दिवाळीत काकू त्याच्यासंगं देवळात जातो म्हणून गेली," ते म्हणाले. "दोन घंट्यानं आली. तिच्या पदरालेही सुरकुती. डाव्या खांद्याकून. फिरून आले असतीन माय-लेक दूरवर. अंबाडीची भाजी करता करता गुणगुणत होती."

"तुम्ही विचारलं नाही?"

"काय विचारू? माझ्यापासून लपवून ठेवलं, थे माझ्याचसाठी नं."

 पुढं काटोल येईपर्यंत मला काकू आठवत होत्या, भिंतीपलीकडून भाजीची वाटी देताना हसणाऱ्या. नवऱ्याला न सांगता मुलाच्या शेजारच्या सीटवर बसलेल्या, खिडकीची काच खाली करून. आणि घरात एकटे बसून पदराची सुरकुती वाचणारे काकाजी.

दुसऱ्या आठवड्यात मला सोबतीची गरज उरली नव्हती. ते मला कळत होतं आणि त्यांनाही. तरी मी त्यांची वाट पाहत राहिले आणि ते डबा घेऊन येत राहिले. ग्रंथालयातली मुलं त्यांना आता काकाजी म्हणायला लागली होती. शनिवारी दुपारी कॉलेज लवकर सुटलं. आम्ही आवारातल्या कडुनिंबाखाली गाडीत येऊन बसलो. मी चावी लावली तसे ते म्हणाले, जरा थांब. सोमवारपासून तू एकटी जा, तुला जमतं. आणि खिशातून फोन काढला.

नंबर लावताना त्यांनी दोनदा चुकीचं बटण दाबलं. मी उतरायला निघाले तर त्यांनी हातानंच बस म्हणून खूण केली.

"नीलेश," ते म्हणाले, "मी कारमध्ये बसून राह्यलो."

पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द नव्हे, नुसती घाई. कुठं आहात, काय झालं, कोणत्या दवाखान्यात, असंच काहीतरी असणार. काकाजींनी त्याला बोलून होऊ दिलं.

"काही झालं नाही रे. वैशालीची आहे. समोरच्या सीटवर बसलो आहे. पंधरा दिवस झाले, रोज बसतो."

पलीकडं एकदम शांत झालं. इतका वेळ की मला वाटलं फोन कट झाला. काकाजींनी फोन कानापासून काढून पाहिला, पुन्हा कानाला लावला. मग विचारलं, "तुझी कोणत्या रंगाची आहे?"

मी समोरच्या कडुनिंबाकडं पाहत राहिले. काकाजी ऐकत होते. बराच वेळ ऐकत होते. मधे एकदा त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत घातला. मग फोनवर तळहात ठेवला, माझ्याकडं वळले, आणि घरात लेकरू झाल्याची बातमी सांगावी तसं हळूच म्हणाले,

"निळी आहे म्हणते."